एका माऊसवर दोघी

त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मी पहिल्या दिवसापासून नको होते आणि त्यांनी ते लपवलंही नाही. मी परवानगीचं पत्र टेबलावर ठेवलं. त्यांनी ते न वाचताच पेपरवेटखाली सरकवलं आणि विचारलं, "किती दिवस राहणार?"

"पूर्ण सत्रभर, सर. आठवड्यातून दोनदा येईन."

"कायले?"

मी सांगितलं. दोन मुलं एका कॉम्प्युटरवर बसून एकच काम करतात तेव्हा ती एकमेकांकडून काय शिकतात, कशी शिकतात, हा माझ्या पीएचडीचा विषय होता. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, खिडकीतून बाहेर पान थुंकलं आणि म्हणाले, "पोट्टे एकमेकांपासून काय शिकतात ते मले इचारा ना. शिव्या."

गावाचं नाव मी लिहीत नाही, माणसांचीही नाही. का नाही ते पुढे कळेल. दवनीवाड्याच्या बसने जायचं, अर्ध्या वाटेवर उतरायचं आणि मग ऑटो मिळाला तर ऑटो, नाहीतर चालत, एवढं सांगणं पुरे. ऑटोवाले गोंदियाचे. "मॅडम, वापसी में सवारी नहीं मिलती," म्हणून ते नाक मुरडायचे, आणि मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, बघत स्वतःशी भांडत चालायचे. माझा जन्म गोंदियातला, घरात मराठी आणि दारात हिंदी. गावाकडची बोली मला कळत होती, पण बोलायला गेले की मुलं हसायची. म्हणून मी कमी बोलायचे. माझ्या कामाला ते बरंही होतं.

कॉम्प्युटरची खोली कायम बंद असायची. कोण्या संस्थेने दिलेले आठ कॉम्प्युटर आत होते, आठांवरही फुलाफुलांची कव्हरं. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. मुलांनी हात लावला तर बिघडतील, ही त्यांची भीती. मी आल्यावर त्यांना ती खोली उघडावी लागली, हा माझा पहिला गुन्हा.

दुसरा गुन्हा म्हणजे जोड्या. आठवीच्या वर्गातल्या सोळा मुलांच्या जोड्या मी चिठ्ठ्या टाकून पाडल्या. मुख्याध्यापक दारात उभे राहून बघत होते. शेवटची जोडी जाहीर झाली तेव्हा ते आत आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "हे जमणार नाई. ह्या दोघी नको."

"का?"

"मी सांगून राहिलो ना, नको."

त्या दोघींपैकी एकीच्या वडिलांची गावात सगळ्यात जास्त शेती होती, वर धानाचा व्यापार. मी तिला व्यापाऱ्याची मुलगी म्हणेन. दुसरी नाल्यापलीकडच्या टोलीतली, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली, बौद्ध घरातली. तिची आई रोवणीला, निंदणाला, कापणीला लोकांच्या शेतात जायची, आणि त्यातली बरीचशी शेतं पहिलीच्या बापाची होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मुख्याध्यापकांना माहीत होतं. ते त्यांनी सरळ सांगितलं असतं तर मी कदाचित विचार केला असता. पण त्यांनी हुकूम सोडला, आणि हुकूम मला लहानपणापासून सहन होत नाही. मी म्हटलं, "चिठ्ठी बदलता येत नाही, सर. बदलली तर संशोधन खोटं ठरतं."

"मंग ठरू द्या ना," ते म्हणाले. पण गेले.

काम सोपं होतं. प्रत्येक जोडीने आपल्या गावाच्या पाण्याचा नकाशा कॉम्प्युटरवर काढायचा. बोडी, म्हणजे गावतळं, कुठे आहे, विहिरी आणि हातपंप कुठे, पाणी कुठून येतं, कुठे जातं. माऊस एक, पडदा एक, मुलं दोन. पडद्यावर जे घडेल ते मशीनमध्ये नोंदलं जायचं, आणि शेजारी ठेवलेल्या रेकॉर्डरवर बोलणं. मी मागे स्टुलावर बसायचे. कोणाला काही शिकवायचं नाही, हा माझा नियम.

बाकीच्या सात जोड्यांचं पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग ऐकताना झोप येते. या दोघींचं असं सुरू होतं:

"माऊस इकडं दे."

"काऊन? तुह्या बापाचा हाय का?"

"नाई. सरकारचा हाय. म्हणूनच दे."

पहिलं वाक्य टोलीतलीचं. व्यापाऱ्याच्या मुलीने माऊस दिला नाही. तिने देऊळ काढलं, शाळा काढली, किराणा दुकान काढलं, मग स्वतःचं घर काढलं, दुमजली, गच्चीवरच्या टाकीसकट. घर झालं तेव्हा पडद्यावर नाल्यापर्यंतच जागा उरली होती. "झालं," ती म्हणाली.

"आमची टोली?"

"जागा नाई उरली."

"तुहं घर लहान कर मंग."

"घर लहान केलं तर देऊळबी लहान करा लागन. मंग शाळाबी."

"कर ना. सगळंच लहान कर. कोणाचं नाक कापलं जाते?"

यावरून दोघी पेटल्या. देवळापेक्षा मोठं घर असतं का? शाळेपासून देवळापर्यंत पावलं किती, मग नकाशात बोटं किती? टोलीतलीने पट्टी आणून पडद्याला लावली. व्यापाऱ्याची मुलगी ओरडली, "काच फुटन, बावळट!" पण तीच पट्टी हिसकावून तिने स्वतः पुन्हा मापलं, कारण हिचं माप तिला मान्य नव्हतं. तास संपला तेव्हा पडद्यावर सगळं गाव होतं, टोलीसकट, आणि सगळ्या गोष्टी एकाच मापात बसल्या होत्या. प्रमाण हा धडा त्यांच्या भूगोलाच्या पुस्तकात होता. वर्गात तो होऊन गेला होता आणि कोणाला काही कळलं नव्हतं. इथे त्या दोघींनी तो एकमेकींची उणीदुणी काढता काढता शिकून टाकला. शेजारच्या जोडीच्या नकाशात हातपंप देवळापेक्षा उंच होता.

मी आनंदाने तो भाग माझ्या मार्गदर्शकांना पाठवला. ते नागपूरला होते. शांत, स्वच्छ बोलणारे, कधी आवाज न चढवणारे. त्यांचा तो शांतपणा मला पुढे विषासारखा लागला. फोनवर म्हणाले, "हे संघर्षात टाका. सहकार्य कुठे दिसतंय?"

"सर, त्या शिकल्या."

"शिकल्या असतील. पण आपण सहकार्यातून शिकणं बघतोय. मदत करणं, पाळी देणं, कौतुक करणं. यांनी एकदा तरी एकमेकींचं कौतुक केलं का?"

नव्हतं केलं. मी त्या भागासमोर "संघर्ष" असं लिहिलं आणि दिवसभर कोणाशी नीट बोलले नाही.

पुढच्या खेपेला दोघी पाण्यावर आल्या. गावाच्या वरच्या अंगाला बोडी आहे. पावसाळ्यात ती भरली की सांडव्यावरून पाणी वाहतं. ते पाणी कुठे जातं, हा प्रश्न. व्यापाऱ्याच्या मुलीने सांडव्यापासून नाल्यापर्यंत एक सरळ निळी रेघ ओढली. "पाट हाय. पाटानं नाल्यात जाते."

"आमच्या घरात येते," टोलीतली म्हणाली.

"खोटं."

"तू खोटी. माही आई चुलीत पाणी घुसते म्हणून विटा लावते दरवर्षी. पाटानं जाते तर आमच्या घरात काय पोहाले येते का?"

"तुमचं घर खोलगट जागी असन."

"पाट जाऊन पाय ना एकदा. डोळे हायेत ना?"

"जाईन! आत्ता शाळा सुटली का जाईन!"

मी मागे बसून होते. मला वाटलं नव्हतं की कोणी खरंच जाईल. चौदा वर्षांची मुलं असं रोज म्हणतात.

पण ती गेली. सायकल घेऊन एकटी गेली, बोडीच्या काठाने, पाटाच्या कडेने, पाट जिथे संपतो तिथपर्यंत. हे मला तिने सांगितलं नाही, नंतर इतर मुलांकडून कळलं. पुढच्या वेळी ती आली तेव्हा नेहमीसारखी भांडत आली नाही. खुर्ची ओढून बसली, माऊस घेतला, आणि टोलीतलीने तो पहिल्यांदाच न हिसकावता घेऊ दिला. तिने निळ्या रेघेवर मध्येच एक जाड तपकिरी रेघ आडवी मारली. मग निळी रेघ तिथून वळवली आणि खाली टोलीकडे नेली.

"हे काय हाय?" टोलीतलीने विचारलं.

"धुरा."

"कोणाचा?"

धुरा म्हणजे शेताचा मातीचा बांध. रेकॉर्डिंगमध्ये तिथे पंख्याचा आवाज आहे आणि कोणीतरी बाक सरकवल्याचा. मग ती म्हणाली, "आमचा. बाबानं पाटावरून नेला. बांधी मोठी केली." आणि लगेच, जोरात, "पण आयक. तू म्हणली म्हणून नाई काढला मी. पायला म्हणून काढला."

दुसरी कोणी असती तर तिथे थांबली असती. टोलीतली थांबली नाही. "नाव लिव मंग."

"बाबाचं नाव नाई लिवणार."

"दुकानाचं नाव लिवलं. देवळाचं लिवलं. सरपंचाच्या विहिरीचं लिवलं. धुऱ्याचं काऊन नाई?"

तिने टाइप केलं, 'आमचा धुरा'.

"'आमचा' म्हणजे कोणाचा? नकाशा वाचणाऱ्याले कसं समजन?"

व्यापाऱ्याच्या मुलीचे डोळे भरले होते. रागाने, दुसऱ्या कशाने नाही, हे मी शपथेवर सांगते. तिने ते दोन शब्द पुसले आणि वडिलांचं पूर्ण नाव टाइप केलं, आडनावासकट. शेवटचं बटण इतक्या जोरात दाबलं की बाजूच्या जोडीने वळून पाहिलं. "झालं समाधान?"

"हो," टोलीतली म्हणाली. "आता हातपंप काढ."

मी तेव्हा स्टुलावर बसून जे अनुभवलं ते मला प्रबंधात कधीच लिहिता आलं नाही. एक मुलगी स्वतःच्या बापाविरुद्ध खरं बोलली होती, आणि ते तिच्याकडून मैत्रीने काढून घेतलं नव्हतं. समोर मैत्रीण असती तर ती म्हणाली असती, जाऊ दे, नको लिहू. समोर वैरीण होती म्हणून लिहिलं गेलं.

संध्याकाळी खोलीला कुलूप लावताना मुख्याध्यापकांनी तो नकाशा पडद्यावर पाहिला. मी बस पकडायच्या घाईत बंद करायला विसरले असेन, किंवा त्यांनी मुद्दाम उघडला असेल. मला काही फरक पडत नाही. पुढच्या वेळी मी शाळेत पोचले तर मुख्याध्यापकांच्या खोलीत मुलीचे वडील बसलेले होते.

पालकांच्या सभेत मी त्यांना पाहिलं होतं. सगळ्यांत आधी पुढे येऊन त्यांनी संमतीपत्रावर सही केली होती, वळणदार अक्षरात, आणि "पोरगी कॉम्प्युटर शिकली पाहिजे मॅडम, पुढं बँकेत लावाची हाय" असं म्हणाले होते. आज त्यांनी नमस्कार केला नाही.

"नकाशात माहं नाव कोणी लिवाले सांगितलं?"

"कोणीच नाही. सगळ्याच जोड्यांनी पाण्याचा नकाशा काढलाय. तुमच्या मुलीने स्वतः जाऊन पाहिलं आणि काढलं."

"तिच्या मनानं लिवन ते? बापाचं नाव? तुमी शिकवलं, नाईतर त्या टोलीवालीनं."

"मी काहीच शिकवत नाही. मी फक्त ऐकते."

"फक्त ऐकता, तर मंग आमच्या गावात आग कायले लावता?"

मुख्याध्यापक मान हलवत होते. मग वडिलांनी माझ्याकडे जरा नीट पाहिलं, जणू आतापर्यंत पाहिलंच नव्हतं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुमी कोणत्या, मॅडम?"

"गोंदियाची."

"ते नाई. आडनाव सांगा."

हा प्रश्न मला नवा नव्हता. खोली भाड्याने घेताना, नोकरीच्या मुलाखतीत, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाईकडून, तो मला आयुष्यभर आलेला आहे. प्रत्येक वेळी मी आडनाव सांगते, स्पष्ट, दोन्ही अक्षरांवर जोर देऊन. तसंच सांगितलं.

ते मुख्याध्यापकांकडे वळले. "मंग बराबर. म्हणलं होतं ना मी, सर?"

"काय बरोबर?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "धुरा पाटावर आहे की नाही, एवढं सांगा. माझ्या आडनावानं तो सरकतो का?"

"मॅडम, आवाज खाली," मुख्याध्यापक म्हणाले. "तुमी आपल्या लोकांची बाजू घेऊन राहिल्या. हे संशोधन नाई."

"चिठ्ठ्या मी तुमच्यासमोर टाकल्या होत्या."

"तवाच म्हणलं होतं, नको."

वडील उठले. "मी सही केली होती ना तुमच्या कागदावर? ते मी परत घेतो. कधीबी परत घेता येते, असं लिवलं हाय त्याच्यात. मी वाचून सही करतो." त्यांनी खरंच वाचलं होतं. गावात बहुधा एकट्या त्यांनीच वाचलं असेल.

मुलीला वर्गातून बोलावलं. ती दारात उभी राहिली. वडील म्हणाले, "आजपासून दुसऱ्या पोरीसोबत बसशीन."

"नाई."

"काय म्हणलं?"

"मले तिच्यासोबतच बसाचं हाय."

"तिच्यासोबत? कोण लागते ते तुही?"

"कोणी नाई. मले आवडतबी नाई ते. पण बाकीच्या सगळ्या नुसत्या हो हो करतात. तिच्यासोबत चुकलं तर समजते."

वडिलांनी तिचं मनगट धरलं आणि तिला बाहेर नेलं. तिने मनगट सोडवायचा प्रयत्न केला नाही, पण पायही उचलला नाही; चपला फरशीवर घासत गेल्या. एकदा वळून तिने माझ्याकडे पाहिलं. मदतीसाठी पाहिलं असं मला म्हणता येणार नाही. ती चिडून पाहत होती. मुख्याध्यापक किल्ली घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत गेले आणि त्यांनी नकाशा पुसला. तोवर त्यांना माऊस धरता येतो हे मला माहीत नव्हतं.

मी टोलीत गेले. मला वाटलं, निदान तिथे तरी मला कोणी समजून घेईल. निळ्या रंगाचं छोटं विहार आहे, त्याच्या मागे मुलीचं घर. आई अंगणात तांदूळ पाखडत होती. मी कोण, कुठली, हे तिला माहीत होतं. तिने बसायला सांगितलं नाही.

"तुमच्या मुलीनं फार चांगलं काम केलं," मी म्हटलं.

"हो का? मंग आता काय करू मी? आज त्यायच्या घरून निरोप आला. यंदा रोवणीले येऊ नोको म्हणे." तिने सूप खाली ठेवलं. "पाणी घरात येते ते आमाले माहीत नव्हतं का? त्याचा धुरा हाय हे माहीत नव्हतं का? सगळ्या टोलीले माहीत हाय. बोललो काऊन नाई? रायाचं हाय ना इथं. तुमचं काय, तुमी बसनं येता, बसनं जाता."

"मी तुमच्याच..." असं काहीतरी मी सुरू केलं.

"आमच्याच म्हणून सांगू नोका," ती म्हणाली. "आमच्यातल्या शिकल्या, का असंच येतात. फोटो काढतात, रेकॉर्ड करतात अन् जातात. पोरीले आता मी एकच सांगितलं, शाळेत तोंड बंद ठेवाचं."

मुलगी आतून ऐकत होती. बाहेर आली नाही.

व्यापाऱ्याच्या मुलीला दुसऱ्या मुलीबरोबर बसवलं आणि टोलीतलीला त्या मुलीच्या मूळ जोडीदारणीबरोबर. टोलीतलीचं पुढचं रेकॉर्डिंग मी आजही ऐकू शकते, पण मला ऐकवत नाही. "तू कर." "नाई, तूच कर." "बराबर हाय का?" "हो, बराबर हाय." तिचा माऊस तासभर दुसरीच्या हातात. व्यापाऱ्याच्या मुलीचं रेकॉर्डिंग मला करता येत नव्हतं, पण मी मागे बसून पाहत होते. तिने अर्धा तास झेंड्याच्या खांबाला रंग भरला. जोडीदारीण म्हणाली, "किती मस्त!" तिने मान वर करून खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. तिथून तिच्या खांबाला कोणी नावं ठेवली नाहीत.

टोलीतलीच्या नव्या जोडीचा भाग मार्गदर्शकांकडे गेला. त्यांनी लिहिलं, "उत्कृष्ट. पाळी देणं, मान्यता, प्रोत्साहन. असंच हवं होतं."

मी नागपूरला गेले. त्यांच्या खोलीत, त्यांच्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभी राहून मी म्हटलं की, सर, ही मुलगी गप्प बसवली गेली आहे, तुम्ही त्याला सहकार्य म्हणताय. आणि खरं शिकणं जिथे झालं ती जोडी आपण फेकून देतोय.

"ती जोडी आपण वापरू शकत नाही. पालकांनी संमती मागे घेतली आहे."

"मला माहीत आहे."

"मग प्रश्न काय आहे?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "शिवाय, तुम्ही या प्रकरणात गुंतल्या आहात. तुमची पार्श्वभूमी लक्षात घेता तटस्थ राहणं तुम्हाला अवघड जाणार, हे मी समजू शकतो."

"आणि तुमची पार्श्वभूमी, सर? तिच्यामुळे तुम्हाला काहीच अवघड जात नाही का?"

त्यांनी चहा मागवला. मी चहा न घेता निघाले, आणि गाडीत बसल्यावर मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली असेल तर ती याची, की नियम त्यांच्या बाजूने होता. बापाला सही मागे घ्यायचा हक्क होता. तो हक्क असावा असं मलाही वाटतं. आपल्याला पटणारा नियम आपल्याच गळ्याला लागतो, तेव्हा भांडायला कोणी उरत नाही.

प्रबंध झाला. सहा जुन्या जोड्या आणि एका नव्या जोडीचा. त्यात भरपूर सहकार्य आहे. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं की ग्रामीण मुलांमध्ये मतभेद फारसे दिसले नाहीत का. मार्गदर्शक माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "दिसले. पण ते मला इथे सांगता येत नाहीत." परीक्षकांना तो विनोद वाटला. सगळे हसले, टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले. माझ्या आईने पदवीचा फोटो फ्रेम करून भिंतीवर लावलाय. मी त्या भिंतीकडे पाठ करून बसते.

त्या दोघींची जोडी तुटली त्याच पावसाळ्यात बोडी भरली आणि एका सकाळी पाटावरचा तो धुरा फुटलेला सापडला. कोणी फोडला मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी लिहिलं नसतं. मुख्याध्यापकांचा फोन आला. "झालं का तुमचं संशोधन पूर्ण?" एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला. पुढे पोलीस आले, बैठक झाली, टोलीतल्या दोघातिघांना ठाण्यात बसवून ठेवलं, मग सोडलं. वडिलांनी धुरा पुन्हा घातला, थोडा मागे. पाणी आता पाटाने जातं असं ऐकते. टोलीतल्या बायकांना रोवणीला अजून बोलावत नाहीत, हेही ऐकते. त्या आता कामठ्याच्या बाजूला जातात, पहाटे, टेम्पोत उभ्या राहून.

मागच्या वर्षी गोंदियाच्या बसस्टँडवर व्यापाऱ्याची मुलगी दिसली. मी ओळखलं नाही, तिने ओळखलं. उंच झालीय. कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात.

"मॅडम, झाली का तुमची पीएचडी?"

"झाली."

"आमच्यावर?"

"नाही. तुमची जोडी काढून टाकावी लागली. तुझ्या बाबांनी संमती परत घेतली होती ना."

"अन् माही? मले कोणी इचारलं?"

मुलांची संमती कागदावर घ्यायची आमच्याकडे तेव्हा पद्धत नव्हती, असं मी सांगायला लागले. तिने ते अर्ध्यातच तोडलं. "ते माह्याच कॉलेजात हाय," ती म्हणाली. कोण, ते सांगावं लागलं नाही. "सायन्सले."

"बोलता का तुम्ही?"

"कायले बोलू? माह्या घरचं नाव ठाण्यापर्यंत नेलं त्यायनं." मग म्हणाली, "प्रॅक्टिकलले एकाच टेबलावर आलो होतो एकदा. मी सरले सांगून बदलून घेतलं."

"का?"

"मॅडम, तुमी अजून लिवूनच राहिल्या का?"

मी म्हटलं, नाही, सहज विचारलं. तिचा विश्वास बसला नाही. बस लागली. खिडकीतून आधीच कोणीतरी रुमाल टाकून जागा धरली होती. तिने चढून तो रुमाल उचलून मागच्या सीटवर टाकला आणि रुमालाच्या जागी स्वतः बसली. रुमालवाला हिंदीत भांडायला लागला. ती त्याच्याशी त्याच्याच हिंदीत, त्याच्यापेक्षा मोठ्याने भांडली. मी खालून हात केला. तिने पाहिलं, काच सरकवून बंद केली आणि पुन्हा त्याच्याकडे वळली.